गारव्याचे मानकरी

उष्णतेची लाट कशाला म्हणायचं, याचा हवामान खात्याचा एक नियम आहे. मैदानी भागात पारा आधी ४० अंशांना टेकला पाहिजे, शिवाय तो त्या गावच्या त्या दिवसांतल्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी वर गेला पाहिजे. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या, की लाट आली. आमच्या जळोचीची पंचाईत अशी, की मे महिन्यात आमची सरासरीच चाळिशीच्या आसपास असते. बेचाळीस झाले तरी आम्ही सरासरीच्या दोन-तीन अंशच वर. त्यामुळे कागदोपत्री आमच्याकडे सहसा लाट येत नाही, नुसता उन्हाळा येतो. किनाऱ्यावर हीच अट ३७ अंशांची आहे. म्हणजे रत्नागिरीचा माणूस अडतिसाला लाटेत सापडल्याची सरकारी नोंद होऊ शकते, आणि आम्ही बेचाळिसाला बनियनवर बसून ती बातमी वाचू शकतो. पारा थेट ४५ वर गेला तर मात्र सरासरी न विचारता लाट जाहीर करतात. पण तिथवर जायची आमची महत्त्वाकांक्षा नाही. ती जबाबदारी चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीनं आधीच उचललेली आहे.

बरं, हा पारा मोजतात कुठं? मोकळ्या हिरवळीवर, छातीएवढ्या उंचीला, पांढऱ्या रंगाच्या लाकडी पेटीत. पेटीला चारी बाजूंनी झडपा, म्हणजे ऊन आत येणार नाही आणि वारा मात्र खेळता राहील. थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरनं ही पेटी काढली. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा हा बाप. मुलानं समुद्री चाचे रंगवले आणि बापानं तापमापकाला असं घर बांधून दिलं, की तसं मला कुणी दिलं तर उन्हाळ्याबद्दल मी आयुष्यात चकार शब्द काढणार नाही. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची आणि हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला. पेपरात ‘पारा एक्केचाळीसवर’ असं छापून येतं तो त्या पेटीतल्या सुखवस्तू पाऱ्याचा आकडा असतो. आमच्या हॉलमधल्या आकड्याची कुठं नोंद होत नाही.

जळोची बारामतीला चिकटलेली. काही वर्षांपूर्वी ती नगरपरिषदेच्या हद्दीत आली, त्यामुळे आता गाव म्हणावं तर फ्लॅट आहेत आणि शहर म्हणावं तर पहाटे कोंबडा आरवतो. गावठाणात अजून काही जुनी घरं उभी आहेत: हातभर रुंदीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर पांढरीच्या मातीचं माळवद. भर दुपारी त्या घरात पाऊल टाकलं की उंबऱ्याच्या आत वेगळा महिना लागतो. ती घरं पाडून आम्ही स्लॅबची बांधली, कारण माळवद गळतं, दर वर्षी त्याच्यावर माती टाकावी लागते, आणि मुलीकडचे लोक बघायला आले की माळवदाकडे बघून गप्प होतात. स्लॅब गळत नाही. तो दिवसभर ऊन ठेवीत जमा करून घेतो आणि रात्री नऊनंतर परत द्यायला सुरुवात करतो, अगदी पहाटे चारपर्यंत. मुद्दल तर देतोच, व्याजही देतो. आमच्या सहकाराच्या पट्ट्यातल्या कुठल्याही पतसंस्थेनं ठेवीदाराला इतक्या इमानानं वागवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

एसी आमच्याकडे नाही. का नाही, याची तीन-चार भारदस्त उत्तरं मी तयार ठेवलेली आहेत. पाहुणा कोण आहे ते बघून त्यातलं एक देतो. खरं उत्तर पेन्शनच्या पासबुकात आहे. पण एसी नसल्यामुळे एक फायदा झाला. आपल्या भागात गारवा कुणाकुणाला मिळतो, याकडे लक्ष जायला लागलं.

पहिला मान द्राक्षाचा. बारामती-इंदापूरची निर्यातीची द्राक्षं ऊन चढायच्या आत तोडतात, आणि तोडली की लगोलग प्री-कूलिंगला नेतात. तिथून शीतगृह, तिथून रेफ्रिजरेटर बसवलेला कंटेनर, तिथून जहाज. वेलीवरून उतरल्यापासून युरोपातल्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत त्या मण्याला ऊन म्हणून दाखवत नाहीत. ज्यानं तो पिकवला तो मात्र ट्रॅक्टरवर डोक्याला टॉवेल गुंडाळून बसलेला. डाळिंबाचं कौतुक तर त्याहून जास्त. उन्हानं फळाची साल काळी पडते, भाव उतरतो. म्हणून आमच्याकडे झाडांवर जुन्या साड्या पांघरतात. किलोवर मिळतात त्या. निमगाव केतकीच्या बाजूला उन्हाळ्यात जा, एकेका बागेत गुलाबी, हिरव्या, जांभळ्या, जरीकाठी साड्या नेसून डाळिंबं ओळीनं उभी असतात. आणि त्याच बागेच्या बांधावरून चाललेल्या बाईच्या डोक्यावर पदर तेवढा असतो, कारण दुसरी साडी झाडावर आहे.

मग गाय. एचएफ गाय, म्हणजे होल्स्टीन फ्रीजियन, माहेर थेट हॉलंडचं. तिला इथला उन्हाळा मानवत नाही, ती धापा टाकते आणि दूध कमी करते. म्हणून चांगल्या गोठ्यात पंखे असतात, वर फॉगर असतात, त्यांतून पाण्याचा बारीक फवारा अंगावर येत राहतो, खाली रबरी मॅट. माझा एक जुना विद्यार्थी आता पंधरा-वीस गायी सांभाळतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा हा स्वतः पत्र्याच्या खोलीत घामानं निथळत बसला होता आणि पलीकडं गायी धुक्यात उभ्या. म्हटलं, “अरे, एक फॉगर तुझ्या खोलीत पण लाव की.”

“सर,” तो म्हणाला, “गायीला उकडलं की लिटरला मार बसतो. मला उकडलं तर काय कमी हुणारंय?”

वर्गात असताना त्यानं मला कधी निरुत्तर केलं नव्हतं.

एमआयडीसीतल्या डेअरीत चीज तयार होतं, ते अर्थातच थंडीत राहतं. पोल्ट्रीतल्या कोंबड्यांना पत्र्यावर स्प्रिंकलर आहेत. एटीएमच्या यंत्राला स्वतंत्र एसी आहे. त्याच्या बाहेर उभा असणाऱ्या सिक्युरिटीवाल्याला प्लॅस्टिकची खुर्ची आहे. आणि हे सगळं कमी पडलं म्हणून की काय, केंद्र सरकारनं २००९ साली आमच्या शेजारच्या माळेगावला एक राष्ट्रीय संस्था काढली. उष्णता, दुष्काळ, क्षारपड जमीन अशा गोष्टींचा जो ताण जिवांवर येतो, त्याचा अभ्यास करणारी. उघडाबोडका खडकाळ माळ तिला दिला, कारण ताण बघायचा तर आधी तो हाताशी हवा. देशभर एवढी गावं असताना ताणासाठी बारामतीच निवडली, यात आम्हाला अभिमान वाटावा की काळजी, याचा निर्णय अजून झालेला नाही. तिथे पिकं, जनावरं आणि मासे यांच्यावर संशोधन चालतं. तिसऱ्या मजल्यावरचे पेन्शनर अभ्यासक्रमात नाहीत.

पण यात बारामतीचाच काही विशेष दोष आहे असं समजू नका. एसीचा इतिहास वाचला तेव्हा लक्षात आलं, की हा रिवाज मुळापासूनचा आहे. १९०२ साली विलिस कॅरिअर या तरुण अमेरिकन इंजिनिअरनं पहिलं आधुनिक वातानुकूलन यंत्र आखलं, ते ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. हवेतल्या दमटपणानं कागद फुगायचा, आकसायचा, आणि रंगीत छपाईत एका रंगावर दुसरा रंग नेमका बसायचा नाही. त्याच छापखान्यात माणसंही घाम गाळत उभी होती, पण तक्रार कागदाची होती. म्हणजे पहिला एसी लागला तो कागदाला. माणूस केवळ त्या खोलीत हजर होता म्हणून त्याला गारवा मिळाला. पासबुकात एण्ट्री मारायच्या निमित्तानं बँकेत जाऊन अर्धा तास बसणारे आम्ही म्हातारे तेच करतो. त्या अर्थी आमची परंपरा १९०२ पासूनची. माझं पासबुक एप्रिल-मे महिन्यांत जितकं अद्ययावत असतं तितकं वर्षात कधीच नसतं.

शेजारच्या बिल्डिंगमधल्या तात्यांनी मागच्या उन्हाळ्यात एसी बसवला. एसीविषयी लोकांचा एक गैरसमज आहे, की तो गारवा तयार करतो. तो काही तयार करत नाही. तो घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतो, वर स्वतःच्या कष्टाची उष्णता त्यात घालतो. बाहेर म्हणजे कुठं, हा प्रश्न आमच्या पश्चिमेच्या खिडकीला विचारा. तात्या माणूस मात्र सोन्याचा. त्यांना हे कळलं तेव्हा इतके ओशाळले, की रोज दुपारी हाक मारायला लागले: “आवं सर, या की गार बसायला. तुमचंच ऊन हाय ते, वसूल करा.” गेलो एकदा. गार होतं, खोटं कशाला बोलू. पण त्या घरात एकच वाक्य सतत ऐकू येत होतं: “दार लावा.” नातू आत आला, दार लावा. मोलकरीण बाहेर गेली, दार लावा. कुणी नुसतं दाराकडं बघितलं तरी दार लावा. तात्यांचं दार गेली कितीतरी वर्षं उघडं बघायची आम्हाला सवय. चहाच्या वेळेला कोण आलंय हे रस्त्यावरून कळायचं. आता बेल वाजवावी लागते. तात्याही जरा अवघडूनच बसले होते, अंगात बंडी, त्यावर शाल. म्हणाले, “रिमोट पोराकडं असतो.”

आमचा रिमोट आईकडे आहे, आणि तिचा उन्हाळा माठापासून सुरू होतो. माठ विकत घेताना ती बोटाच्या पेरानं टकटक करून आवाज ऐकते. माझ्या कानाला सगळे माठ सारखेच बोलतात. रंग दिलेला, चकचकीत, नळ बसवलेला माठ ती हातात धरत नाही. “तो शोकेसात ठेवायचा,” म्हणते. यात शास्त्र आहे. माठाच्या मातीत असंख्य बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी झिरपून बाहेर येतं, वाऱ्यानं त्याची वाफ होते, आणि ती होताना लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून खेचली जाते. रंगाचा थर दिला की छिद्रं बंद, कारखाना बंद. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, क्षारांचं; एका उन्हाळ्यात छिद्रं बुजतात आणि पुढच्या वर्षी तोच माठ नुसतं पाणी ठेवायचं भांडं होऊन बसतो. म्हणून दर वर्षी नवा. खाली ओली वाळू, भोवती ओलं फडकं, आत वाळ्याची जुडी. फ्रिजचं पाणी घशाला लागतं, माठाचं पोटापर्यंत जातं, हे आईचं मत. मी विज्ञान शिकवलं असलं तरी या बाबतीत तिच्याशी वाद घालत नाही.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी: माठाला आणि कूलरला मुंबईत मान नाही, कारण तिथली हवा आधीच पाणी पिऊन तट्ट आहे. वाफ घ्यायला तिच्यात जागा कुठं? आम्ही सह्याद्रीच्या पाठीमागं, पावसाच्या सावलीत. उन्हाळ्यात आमची हवा इतकी कोरडी, की ओला टॉवेल दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो. हीच कोरडी हवा ओठ फोडते, नाकाचा घोळणा फोडते, टाचांना भेगा पाडते, आणि हीच माठ गार करते. ज्या दुष्काळी हवेला आपण जन्मभर शिव्या घातल्या, तिनं ही एवढी एक भरपाई देऊन ठेवलेली आहे.

ओठांवरून मोरोपंत आठवले. पंत बारामतीचे, म्हणजे आले पन्हाळ्याहून, पण राहिले, लिहिते झाले ते इथं, बाबूजी नाईकांच्या आश्रयानं, कऱ्हेकाठी. १७२९ ते १७९४ असं पासष्ट वर्षांचं आयुष्य. त्यांनी एकशे आठ रामायणं रचली म्हणतात, पंखा नसताना. त्यातलं एक ‘निरोष्ठ रामायण’: प, फ, ब, भ, म यांसारखं ओठाला ओठ लावून उच्चारावं लागणारं अक्षरच त्यात नाही. पंडित लोक याला शब्दप्रभुत्व म्हणतात. मला शंका आहे, की ते वैशाखात लिहिलं असावं. इथल्या वैशाखात फुटलेल्या ओठांनी ‘प्रभु’ म्हणून बघा, मग पंतांची अडचण कळेल. कऱ्हेचा त्यांना थोडाफार आधार असेल. आता उन्हाळ्यात कऱ्हेचं पाणी बघायचं, तर आचार्य अत्र्यांच्या आत्मचरित्राच्या कव्हरवर.

कऱ्हा आटली तरी आम्हाला पाट आहे. नीरा डावा कालवा म्हणजे १८७६-७७ च्या दुष्काळानं साहेबाला शिकवलेला धडा. वर भाटघरचं धरण, खाली पार इंदापूरपर्यंत पाणी. उन्हाळी आवर्तन कधी सुटणार, ही आमच्याकडे मे महिन्यातली सगळ्यात मोठी बातमी असते. आवर्तन सुटलं की विहिरींना पाझर फुटतो, ऊस मान वर करतो आणि शाळकरी पोरं घरी न सांगता गायब होतात. आमच्या पिढीत कमरेला डबा बांधून पाटात सोडायचे, आता ट्यूब असते. ओढ तेव्हाही जोरात होती, आताही आहे, आणि दर वर्षी कुठल्यातरी गावातून वाईट बातमी येते. म्हणून याबद्दल लाडानं लिहायला हात धजत नाही. मोठी माणसं संध्याकाळी तीन हत्ती चौकाच्या बाजूला पाटाच्या कडेला नुसती उभी राहतात. पाण्यावरून येणारा वारा फुकट आहे आणि त्याला दार नाही.

खाली इंदापूरकडे मात्र वेगळंच नाटक. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरायला लागलं की आमच्या पोटात गोळा येतो आणि भिगवणच्या रोहित पक्ष्यांना आनंद होतो, कारण चिखल उघडा पडतो आणि त्यांचं जेवण त्या उथळ पाण्यात असतं. पळसदेवचं जुनं देऊळ धरणानंतर पाण्यात गेलं. वर्षभर ते गार पाण्यात असतं. आणि पाणी फारच खाली गेलं की नेमकं ऐन उन्हाळ्यात, जेव्हा पाण्यात बसून राहण्यात शहाणपण असतं तेव्हा, बाहेर येतं. लोक ते बघायला भर उन्हात होडीतून जातात.

दुपारी एक ते चार जळोचीत काही घडत नाही. पुण्याच्या दुकानदारांनी ही वेळ विनाकारण बदनाम केली. आमच्याकडे ती सोय आहे. शेतातल्या बायका सकाळी सातलाच कामाला लागतात आणि एकच्या सुमाराला सुटतात. बाजार आवारातला माल सकाळीच हलतो. कुत्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली जातात. मे महिन्याच्या बारा तारखेच्या आसपास तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास सावली पायाखाली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात त्याला. पोरांना खगोलशास्त्र शिकवायला उत्तम. मी नोकरीत असताना एकदा सुट्टीत पोरांना मैदानावर बोलावलं होतं. काठी उभी केली. सावली गेली. पोरं खूश झाली. मग एकानं विचारलं, “सर, बघून झालं. आता सावलीत जाऊ?” कुठल्या सावलीत, असं मी विचारणार होतो, पण शास्त्राचा तास संपला होता.

या उन्हात सगळ्यात शहाणा पोशाख मेंढपाळाचा, हे मला फार उशिरा पटलं. बारामती-इंदापूरचे धनगर मेंढरं घेऊन बाहेर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत यायला लागतात. डोक्याला मुंडासं, त्यावर घोंगडी घेतलेली. बेचाळीस अंशांत घोंगडी! एका म्हाताऱ्याला विचारलं, “बाबा, उकडत नाही?” त्यानं माझ्या टेरिकॉटच्या शर्टाकडं बघितलं. “जे थंडी आडवतं ते ऊन पण आडवतं. लोकरीला काय ठावं, बाहीर काय हाय ते.” उष्णतारोधकाचा धडा मी आठवीला कित्येक वर्षं शिकवला, लोकर हे त्यातलं पाठ झालेलं उदाहरण होतं, पण ते कायम थंडीचं.

कांद्याविषयीही थोडं. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. याला शास्त्रीय आधार असल्याचं माझ्या वाचनात नाही. पण मी एवढं पाहिलंय, की खिशात कांदा ठेवणारा माणूस कांदा ठेवतानाच डोक्याला टॉवेल बांधतो, पाण्याची बाटली घेतो आणि उन्हातून जाताना लिंबाखाली थांबतो. कांदा त्याला आठवण करून देतो. शिवाय भाव पडलेले असले तर कांदा खिशात तरी जातो, हे त्याचं आणखी एक सार्थक. ७ मे २०२४ ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं. नणंद-भावजय समोरासमोर, अख्ख्या देशाची नजर बारामतीवर. त्या दुपारी मतदान केंद्राच्या रांगेत मी अनेक खिशांत गोल फुगवटे पाहिले. त्या वर्षी उन्हाबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही. बोलायला त्याहून तापलेला विषय होता.

संध्याकाळचा विसावा रसवंतीत. कारखान्यांच्या या मुलखात उसाचा रस प्यायला पैसे मोजणं थोडं जिवावर येतं, पण त्या घुंगरांपुढं इलाज नाही. लाकडी चरकाला बैल जुंपायचे तेव्हाची ती घुंगरं. बैल गेला, वीज आली, घुंगरं यंत्राला बांधली. निम्म्या रसवंत्यांची नावं नाथांची: कानिफनाथ, नवनाथ. शेजारच्या पुरंदर तालुक्यात कानिफनाथांचा गड आहे. तिथल्या नाथांनी गावोगावच्या तहानेचं खातं सांभाळलेलं दिसतं. आलं-लिंबू घातलेला बिनबर्फाचा हाफ ग्लास मागावा आणि लाकडी बाकावर बसावं. तिथं पंखा सगळ्यांचा असतो, म्हणजे फिरणारा. तो आपल्याकडे वळला की बोलायचं, गेला की दुसऱ्याचं ऐकायचं.

आणि रात्र गच्चीवर. सूर्य मावळला की बादल्या नेऊन स्लॅबवर पाणी मारायचं. पहिल्या बादलीला तो चर्र करतो आणि मातीचा नसला तरी बरा वास येतो. पाणी मोजून, कारण नळाला रोज येईल अशी खात्री नसते. नऊला गाद्या वर. दहाला सगळ्या गच्च्यांवर कुजबूज, कुणाच्या मोबाईलवर कीर्तन, कुणाकडं लहान पोरांची भुताची गोष्ट. या गच्चीवरून त्या गच्चीवर औषधाची गोळी फेकलेली मी पाहिली आहे. आणि पोरीच्या स्थळाची चौकशी अंधारात, चेहरा न दिसता, किती मोकळेपणानं होते तेही ऐकलं आहे. अकराला वारा पडतो, तेव्हा सगळे एकदम गप्प होतात. बाराला सुटतो. दोनला डास. पहाटे मात्र चादर ओढावी लागते, आणि नेमकी तेव्हाच आई उठवते, कारण गच्ची रिकामी हवी असते. कुरडया घालायच्या असतात.

इथं उन्हाळ्याविषयीच्या माझ्या सगळ्या तक्रारी बाद होतात. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, सत्त्व गाळून घ्यायचं, पहाटे चुलीवर चीक हटवायचा, आणि सूर्य उगवताना सोऱ्यातून पांढऱ्या चकल्या धोतराच्या जुन्या पानावर टाकायच्या. पोरांनी मध्ये-मध्ये वाटीतून गरम चीक मागायचा. सात वाजता आई आकाशाकडे बघून म्हणते, “आज ऊन कसं झ्याक पडलंय.” आख्ख्या जळोचीत उन्हाला झ्याक म्हणणारी ती एकटी नाही, प्रत्येक गच्चीवर एक आहे. पापड, सांडगे, शेवया, बटाट्याचा कीस: दोन महिन्यांच्या उन्हाचा वर्षभराचा साठा. ढग आला की त्यांचे चेहरे उतरतात. मी ढगाकडं आशेनं बघतो, आई संशयानं. एका घरात हवामानाविषयी अशी दोन मतं असली की कुणाचं तरी ऐकलं जातंच.

२०२५ च्या मे महिन्यात माझं ऐकलं गेलं. त्या वर्षी अगदी मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी शेवटी धीर करून कूलर आणला होता, कर्ज न काढता, पण नातेवाइकांना न सांगता. ॲपे रिक्षातून तो आला. ती रिक्षाही आमच्या एमआयडीसीतच जन्मते, त्यामुळे मिरवणूक घरचीच वाटली. दोन-तीन रात्री छान गेल्या. मग पावसानं पंचांग बघितलं नाही. मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ ला मुंबईत दाखल झाला, आणि मधल्या दिवसांत बारामतीवर असा कोसळला, की ज्या नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाची आम्ही वाट बघायचो तो भरून फुटला. रस्त्यांवर पाणी, शेतांत पाणी, काहींच्या घरांत पाणी. ज्यांचं गेलं त्यांच्यापुढं आमचं दुःख काहीच नव्हतं, तरी ते होतं: आईच्या शेवटच्या दोन घाण्यांच्या कुरडया अर्ध्या ओल्या आणि सूर्य बेपत्ता.

दुकानदाराला फोन करून विचारलं, कूलर परत घेता का. तो म्हणाला, “सर, परत तर न्हाई घेता यायचा. पण पाणी न घालता लावा, नुसता पंखा म्हणून. वारं लई मारतो.”

लावला. हॉलमध्ये दोन बाजा टाकल्या, त्यांवर कुरडया पसरल्या आणि कूलर त्यांच्या तोंडाशी ठेवला. वीज होती, हे नशीब. दमट हवेत जीव घुसमटत होता. मीही खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो, तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“वारं अडवतोयस,” ती म्हणाली. “तिकडं सरक.”